लुसी विल्स: परळच्या प्रयोगशाळेतून नैराश्याच्या रक्ततपासणीपर्यंत

नैराश्याच्या गोळ्या सुरू होऊन महिना झाला, तरी घरातले माणूस पूर्वीसारखे बोलत नाही, रात्री झोपत नाही, शेताकडे जायचे नाव काढत नाही. अशा वेळी नातेवाईक डॉक्टरांना हमखास एक प्रश्न विचारतात. रक्त तपासून कोणती गोळी लागू पडेल ते आधीच का सांगता येत नाही? साखर रक्तात कळते, थायरॉईड रक्तात कळते, मग हे का नाही?

प्रश्न अगदी रास्त आहे. अशा रक्तातील खुणांना वैद्यकात बायोमार्कर म्हणतात. नैराश्यासाठी त्यांचा शोध गेली कित्येक वर्षे चालू आहे. या शोधातील एका जुन्या आणि महत्त्वाच्या खुणेचा, म्हणजे फोलेट या जीवनसत्त्वाचा, माग काढत गेलात तर तुम्ही आपल्या मुंबईतच पोहोचता. परळच्या हाफकिन संस्थेत एका इंग्रज महिला डॉक्टरने जवळपास शंभर वर्षांपूर्वी हे काम सुरू केले. त्यांचे नाव लुसी विल्स. त्यांचे आयुष्य समजून घेतले, तर तुमच्या हातातला रक्ताचा रिपोर्ट काय सांगू शकतो आणि काय सांगू शकत नाही, हेही नीट समजते.

वनस्पतिशास्त्राकडून वैद्यकाकडे

लुसी विल्स यांचा जन्म 10 मे 1888 रोजी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्ड येथे झाला. मुलींना विज्ञान शिकवणाऱ्या शाळा त्या काळी थोड्या होत्या. चेल्टनहॅममधील अशाच एका शाळेत त्या शिकल्या आणि पुढे केंब्रिजच्या न्यूनहॅम महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र घेऊन 1911 मध्ये परीक्षा उत्तीर्ण झाल्या. पदवी मात्र मिळाली नाही. केंब्रिज विद्यापीठ तेव्हा स्त्रियांना परीक्षेला बसू देत असे, पदवी देत नसे. तो नियम बदलायला 1948 साल उजाडले.

त्याच वर्षी त्यांचे वडील वारले आणि दोन वर्षांनी बहीण गेली. पाठोपाठच्या या दोन आघातांनंतर त्या प्रवासाला निघाल्या. आधी श्रीलंका, मग दक्षिण आफ्रिका. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा त्या आफ्रिकेत होत्या आणि केपटाउनमध्ये त्यांनी परिचारिका म्हणून काही काळ काम केले. या दिवसांत त्यांना मनाच्या आजारांविषयी आणि फ्रॉइडच्या विचारांविषयी मोठे कुतूहल होते. डॉक्टर व्हायचे त्यांनी ठरवले ते याच सुमारास. 1915 मध्ये लंडनच्या महिलांसाठीच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी प्रवेश घेतला आणि 1920 मध्ये त्या डॉक्टर झाल्या.

दवाखाना मात्र त्यांनी थाटला नाही. रॉयल फ्री रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत त्या रमल्या. मनाचे कुतूहल असलेली ही डॉक्टर रक्त आणि लघवीच्या तपासण्यांकडे वळली. गरोदरपणात शरीरातील रसायने कशी बदलतात, हा त्यांचा विषय झाला. त्याच कामामुळे त्यांना मुंबईचे बोलावणे आले.

मुंबईतील गरोदर बायकांचा रक्तक्षय

1928 मध्ये विल्स चाळीस वर्षांच्या होत्या. त्या काळात भारतात बाळंतपणात आणि गरोदरपणात फार बायका दगावत. त्याची कारणे शोधण्यासाठी डॉ. मार्गारेट बाल्फोर यांच्या पुढाकाराने चौकशी सुरू झाली होती आणि लेडी टाटा मेमोरियल ट्रस्टने तिला पैशाचे पाठबळ दिले होते. कामाची जागा होती परळची हाफकिन संस्था, म्हणजे गव्हर्नरांचा जुना बंगला.

विल्स यांच्यापुढे एक विशिष्ट आजार होता. गरोदर बाईचे रक्त झपाट्याने कमी होत जाई. ती पांढरीफटक पडे, धाप लागे, अंगावर सूज येई आणि अनेकदा आई व बाळ दोघेही जात. गिरणगावातील कामकरी बायकांमध्ये हे विशेष दिसे. सूक्ष्मदर्शकाखाली रक्त पाहिले तर तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या दिसत. लोहाच्या कमतरतेत पेशी लहान आणि फिकट होतात. इथे उलटे होते. म्हणजे नुसते लोह देऊन भागणार नव्हते.

तुम्ही आज लॅबमध्ये सीबीसी तपासणी करता, तेव्हा रिपोर्टवर एमसीव्ही नावाचा एक आकडा असतो. पेशींचा सरासरी आकार तो दाखवतो. विल्स यांनी काचेवर डोळ्यांनी जे पाहिले, तेच आज यंत्र तुम्हाला आकड्यात देते.

आधी जंतुसंसर्गाची शंका होती. विल्स यांनी ती तपासली, पण तिला आधार सापडला नाही. मग त्यांनी सहकाऱ्यांसोबत मुंबईतील वेगवेगळ्या थरांतील बायकांच्या जेवणाची आणि राहणीची पाहणी केली. या कामात त्यांच्या सहलेखकांमध्ये एम. एम. मेहता आणि एस. एन. तळपदे ही नावे दिसतात. कोण काय खाते आणि कोणाला हा रक्तक्षय होतो, यांचा संबंध स्पष्ट होत गेला. ज्यांच्या ताटात भाज्या, फळे आणि दूध नावालाच होते, त्यांच्यात हा आजार जास्त होता.

उंदीर, माकड आणि मार्माइट

पुढचा प्रश्न होता, अन्नातील नेमके काय कमी पडते? विल्स यांनी उंदरांना तसाच निकृष्ट आहार दिला. उंदरांना रक्तक्षय झाला आणि उत्तर हाती आले असे वाटले. पण त्या उंदरांच्या अंगावरील उवांमधून एक जंतू पसरत होता आणि रक्तक्षयात त्याचाही वाटा होता, हे लक्षात आले. उंदरांवरचा पुरावा डळमळीत झाला. मग त्यांनी माकडांवर प्रयोग केले. मुंबईच्या गरीब बायकांसारखा आहार दिल्यावर माकडांचे रक्त तसेच कमी झाले.

उपायांच्या शोधात त्यांनी एका माकडाला मार्माइट दिले. मार्माइट म्हणजे बिअर बनवताना उरणाऱ्या यीस्टचा घट्ट, खारट अर्क. विलायतेत तो पावाला लावून खातात. माकडाचे रक्त सुधारले. मग गरोदर रुग्णांना तो दिला. काही दिवसांतच त्यांच्या रक्तात नव्या, कोवळ्या तांबड्या पेशी वाढू लागल्या आणि बायकांना बरे वाटू लागले. हे निष्कर्ष 1931 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाले.

या शोधाचे मोल समजायचे तर त्या काळचा दुसरा पर्याय पाहा. रक्तक्षयावर तेव्हा प्राण्याचे यकृत खायला देत किंवा त्याचा अर्क देत. तो महाग होता आणि शाकाहारी घरांत चालण्यासारखाही नव्हता. यीस्टचा अर्क स्वस्त होता आणि कोणालाही घेता येई.

यीस्टमधील तो गुणकारी पदार्थ कोणता, हे तेव्हा माहीत नव्हते. काही वर्षे तो विल्स फॅक्टर या नावानेच ओळखला गेला. 1941 मध्ये पालकाच्या पानांतून तोच पदार्थ वेगळा काढला गेला आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक अ‍ॅसिड म्हणू लागले. अन्नातील त्याच्या रूपाला फोलेट म्हणतात. अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत यल्लाप्रगडा सुब्बाराव या भारतीय शास्त्रज्ञाच्या गटाने 1940 च्या दशकातच ते कृत्रिमरीत्या तयार केले. आज आशाताई गरोदर बाईला लोहाबरोबर जी फॉलिक अ‍ॅसिडची गोळी देतात, तिची सुरुवात परळमधल्या त्या कामात आहे.

दोन आजार, रक्ताचे चित्र एकच

विल्स यांनी आणखी एक गोष्ट दाखवली आणि तुमच्यासाठी ती सर्वांत महत्त्वाची आहे. मोठ्या पेशींचा रक्तक्षय आणखी एका आजारात होतो. त्यात यकृताचा शुद्ध केलेला अर्क चांगला काम करी. विल्स यांच्या रुग्णांना मात्र त्या शुद्ध अर्काने गुण येत नसे. कच्चा अर्क किंवा मार्माइट दिले की गुण येई.

म्हणजे काचेवरचे चित्र एकसारखे होते, पण कमी पडणारा पदार्थ वेगळा होता. शुद्ध अर्कातील तो दुसरा पदार्थ 1948 मध्ये वेगळा काढण्यात आला. त्यालाच आपण जीवनसत्त्व बी12 म्हणतो. सारखी लक्षणे असलेल्या दोन रुग्णांपैकी एकाला एक औषध लागू पडते आणि दुसऱ्याला ते पडत नाही, कारण आतले कारण वेगळे असते. नैराश्यातील बायोमार्करचा सगळा शोध याच विचारावर उभा आहे.

रक्ताकडून मनाकडे

फोलेटचा मेंदूशी काय संबंध? सेरोटोनिन, डोपामिन आणि नॉरएड्रिनलिन ही मेंदूतील रसायने मनःस्थितीशी निगडित आहेत. ती तयार होण्याच्या साखळीत फोलेट लागते. बी12 त्याच साखळीत फोलेटचा जोडीदार आहे. नैराश्याच्या बहुतेक गोळ्या मेंदूत असलेल्या या रसायनांचा परिणाम वाढवतात. कच्चा मालच कमी असेल, तर गोळीचा जोर कमी पडू शकतो, असा यामागचा तर्क आहे.

1962 मध्ये व्हिक्टर हर्बर्ट या अमेरिकी डॉक्टरने स्वतःवरच प्रयोग केला. त्यांनी काही महिने फोलेट जवळपास नसलेला आहार घेतला. रक्तक्षय यायच्या सुमारास त्यांची झोप उडाली, विसराळूपणा वाढला आणि चिडचिड होऊ लागली. फॉलिक अ‍ॅसिड घेतल्यावर ही लक्षणे लवकरच गेली.

1997 मध्ये अमेरिकेत फ्लुऑक्सेटिन ही गोळी घेणाऱ्या 213 रुग्णांचा अभ्यास झाला. ज्यांच्या रक्तात फोलेट कमी होते, त्यांना आठ आठवड्यांत गुण येण्याचे प्रमाण कमी निघाले. मग सगळ्यांनाच गोळीबरोबर फॉलिक अ‍ॅसिड द्यावे का? 2000 साली इंग्लंडमधील 127 रुग्णांच्या अभ्यासात त्याचा फायदा दिसला, पण तो स्त्रियांमध्ये, पुरुषांमध्ये नाही. नंतर वेल्समध्ये 475 रुग्णांवर मोठी चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष 2014 मध्ये आले. त्यात फोलेटची कमतरता नसलेल्या रुग्णांना फॉलिक अ‍ॅसिड दिले होते. त्याचा काहीही जादा उपयोग झाला नाही.

यातून शहाणपणाचा निष्कर्ष असा निघतो. कमतरता असेल तर ती शोधून भरून काढावी. कमतरता नसताना गोळ्यांची भर घालू नये.

बाकीच्या खुणांचे काय?

फोलेटखेरीज सर्वांत जास्त अभ्यास सीआरपी या तपासणीचा झाला आहे. शरीरात दाह असेल तर हा आकडा वाढतो. 2014 मधील एका युरोपीय अभ्यासात सीआरपी कमी असलेल्या रुग्णांना एस्सिटॅलोप्रॅम आणि जास्त असलेल्यांना नॉरट्रिप्टिलिन जास्त लागू पडले. पण सर्दी, दातातला पू, लठ्ठपणा, तंबाखू अशा अनेक कारणांनी सीआरपी वाढतो. म्हणून फक्त त्या आकड्यावरून गोळी ठरवावी, अशी शिफारस आज केली जात नाही.

जनुकांच्या तपासण्याही आहेत. तुमचे यकृत एखादी गोळी किती वेगाने विघटित करते, याचा अंदाज त्या देतात. त्यावरून दुष्परिणामांबाबत आणि डोसबाबत काही वेळा मदत होते. कोणती गोळी नक्की लागू पडेल, हे मात्र त्या सांगत नाहीत. नैराश्याची नेमकी गोळी रक्तावरून सांगतो, असे म्हणत कोणी महागडे पॅकेज पुढे केले, तर पैसे भरण्यापूर्वी तुमच्या मनोविकारतज्ज्ञांना विचारा.

पहिल्याच गोळीने पूर्ण बरे वाटणारे रुग्ण साधारण तीनांत एक असतात. बाकीच्यांना डोस वाढवावा लागतो, गोळी बदलावी लागते किंवा समुपदेशनाची जोड द्यावी लागते. म्हणून पहिल्या गोळीने गुण आला नाही, तर आजार बरा न होणारा आहे असे समजू नका.

पाटसच्या घरात या गोष्टीचा उपयोग

समजा तुम्ही पाटसला किंवा आसपासच्या वाडीवर राहता. तुकोबांची पालखी दरवर्षी तुमच्या गावावरून रोटीच्या घाटाकडे जाते. अनेक घरांत माळकरी मंडळी आहेत. मटण, मासे, अंडी घरात येत नाहीत. मेथी, पालक, चवळी, हरभरा, मटकी मात्र असतात. अशा जेवणातून फोलेट बऱ्यापैकी मिळते. बी12 मात्र वनस्पतींमध्ये नसते. ते दूध, दही, अंडी, मांस, मासे यांतूनच येते, आणि दूध डेअरीला घालून घरात चहापुरतेच उरत असेल, तर तेही कमी पडते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा गावांतील गरोदर बायकांचा दीर्घ अभ्यास केला. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत सुमारे दोन तृतीयांश मातांमध्ये बी12 कमी आढळले, तर फोलेटची कमतरता जवळजवळ कोणातच नव्हती. विल्स यांच्या मुंबईत फोलेट कमी होते. आजच्या पुणे जिल्ह्याच्या खेड्यांत बी12 कडे आधी पाहायला हवे.

इथेच एक धोका लक्षात ठेवा. बी12 कमी असताना फक्त फॉलिक अ‍ॅसिडच्या मोठ्या डोसच्या गोळ्या घेतल्या, तर रक्त सुधारल्यासारखे दिसते, पण मज्जातंतूंची हानी आत चालूच राहते. हातापायांना मुंग्या, चालताना तोल जाणे, विसरभोळेपणा वाढत जातो. म्हणून मेडिकल दुकानातून स्वतःच्या मनाने फॉलिक अ‍ॅसिडचा जोरदार डोस सुरू करू नका. गरोदरपणात सरकारी दवाखान्यातून मिळणारी गोळी मात्र अवश्य घ्या, ती बंद करू नका.

डॉक्टरांशी काय बोलाल?

गोळी पुरेशा डोसमध्ये सहा ते आठ आठवडे नियमित घेऊनही गुण नसेल, तर या तपासण्यांबद्दल विचारा: सीबीसी, थायरॉईडसाठी टीएसएच, बी12, गरज असल्यास फोलेट, आणि साखर. या सर्व तपासण्या साध्या आहेत. थायरॉईड कमी असेल किंवा रक्त खूप कमी असेल, तर थकवा, उदासी, कामात लक्ष न लागणे ही नैराश्यासारखीच लक्षणे दिसतात आणि त्यांवर वेगळा उपचार असतो.

घरात चालू असलेली सगळी औषधे सोबत न्या. मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि बराच काळ घेतलेल्या अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या बी12 कमी करू शकतात. फिट्सवरील फेनिटॉइन आणि सांधेदुखीवरील मेथोट्रेक्सेट यांचा फोलेटवर परिणाम होतो. दारूनेही फोलेट कमी होते, म्हणून ती माहितीही लपवू नका.

बी12 किंवा फोलेट कमी निघाले, तरी नैराश्याची गोळी बंद करायची नसते. कमतरता भरून काढणे ही तिच्या जोडीची गोष्ट आहे. गोळी अचानक थांबवली तर चक्कर, अस्वस्थता येऊ शकते आणि आजार उलटू शकतो.

विल्स यांचे पुढचे आयुष्य

विल्स 1933 पर्यंत भारतात ये-जा करत काम करत राहिल्या. कुन्नूर आणि मद्रास येथेही त्यांनी काम केले आणि 1937-38 मध्ये त्या पुन्हा हाफकिन संस्थेत आल्या. दुसऱ्या महायुद्धात त्या रॉयल फ्री रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत होत्या. जुलै 1944 मध्ये त्या रुग्णालयावर उडता बॉम्ब पडला, माणसे दगावली, तरी प्रयोगशाळेचे काम काही दिवसांतच पुन्हा सुरू झाले. 1947 मध्ये त्या निवृत्त झाल्या. त्यानंतरही जमैका, फिजी, दक्षिण आफ्रिका अशा ठिकाणी पोषण आणि रक्तक्षय यांचा अभ्यास त्यांनी चालू ठेवला. लंडनच्या चेल्सी भागात त्या मजूर पक्षाच्या नगरसेविकाही होत्या. त्यांनी लग्न केले नाही. 16 एप्रिल 1964 रोजी त्यांचे निधन झाले. नैराश्य आणि फोलेट यांच्या संबंधावरचे बहुतेक संशोधन त्यानंतर झाले.

त्यांनी आधी रुग्ण बाई काय खाते ते विचारले, मग तिचे रक्त पाहिले, उपाय केला आणि पुन्हा रक्त पाहिले. तुमच्या रुग्णासाठीही हाच क्रम ठेवा. रोजच्या जेवणाची, झोपेची आणि औषधांची आठवडाभराची नोंद एका वहीत करा आणि पुढच्या भेटीला ती घेऊन जा. रक्ताच्या आकड्यांइतकीच ती डॉक्टरांच्या उपयोगी पडते.

रुग्ण जगणे नकोसे झाल्याचे बोलत असेल, तर कोणत्याही रिपोर्टची वाट पाहू नका. त्याला एकटे सोडू नका, घरातील कीटकनाशके आणि औषधांचा साठा कुलपात ठेवा आणि लगेच जवळच्या रुग्णालयात न्या. टेली-मानस या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे. तिथे दिवसरात्र मराठीत बोलता येते.